पुसून ठेवलेला खळगा

साहेब, गुन्हा तुमचा आहे. खाजगी जमिनीतल्या पाणथळ जागा हुडकायला तुम्ही माणसं पाठवता ती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दोन महिन्यांत. का, तर एरवी तुमची गाडी रुतते. ओल शोधायची, पण बूट ओले होता कामा नयेत. मग वर्षअखेरीला तुम्हीच अहवाल छापता की या भागात पाणथळ जागा फारशा उरलेल्या नाहीत. उरतील कशा? तुम्ही कोरडं आहे म्हणून लिहून जाता, आणि तुमची गाडी रस्त्याला लागते न लागते तोच भरावाचे ट्रक आत वळतात. हे आम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणू नका. तुमच्या दारातल्या शिपायालासुद्धा माहीत आहे.

पण ही गोष्ट तुमची नाही, एका प्लंबरची आहे. त्याने जो घोळ घातला तो प्लंबरच घालू जाणे, म्हणून नीट ऐका.

त्याला सगळे वॉशर म्हणायचे. शर्टाच्या खिशात कायम चार-सहा रबरी वॉशर असायचे. धुवायला टाकताना बायकोने खिसा उलटा केला की ते टुणटुण उड्या मारत मोरीत जायचे. वय एकसष्ट. चाळीस वर्षं लोकांच्या सिंकखाली काढल्यामुळे गुडघे कामातून गेलेले. त्याच्या आणि थोरल्या भावाच्या नावावर मिळून दोन एकर जमीन होती आणि तिच्या मधोमध होता खळगा. परातीसारखी पसरट, खोलगट जागा. तिथे बारा महिने पाणी. कधी कमरेएवढं, कधी घोट्याएवढं, पण पाणी. काठाने पुरुषभर उंचीचं पाणकणीस, त्यात बेडूक, बगळे आणि डास. डास होतेच, खोटं कशाला बोला. वडिलांनी कधीकाळी तिथे पीक घ्यायचं मनावर घेतलं होतं. खळग्याच्या तळाशी पाइप टाकून त्यांनी बांधाबाहेर एक व्हॉल्व्ह बसवला होता. पीक आलं नाही. व्हॉल्व्ह तेवढा राहिला.

खळग्याच्या खाली, उताराला, एक गल्ली होती. बारा घरं आणि प्रत्येक घरामागे एक विहीर. बाराही पंप वॉशरने बसवलेले. सातव्या घरात त्याची लेक राहायची. उन्हाळ्यात आजूबाजूच्या वस्त्या टँकरच्या मागे धावायच्या, पण ही गल्ली पायरीवर पाणी शिंपडून संध्याकाळी बाहेर बसायची. लोक म्हणायचे, नशीब. वॉशर म्हणायचा, "नशीब कसलं? वर टाकी आहे तुमच्या. उघडी टाकी. ती भरलेली आहे म्हणून तुमचे नळ चालू." लोक हसायचे. प्लंबरला काय, सगळीकडे टाकीच दिसणार.

थोरला भाऊ, दादा, ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याची एक सवय झाली होती. घरात खुर्चीवर बसला तरी उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा ताठ.

"किती वर्षं बेडूक पाळणार आहेस?" दादाने एक दिवस विषय काढला. "गोदामवाला जागा मागतोय. राडारोडा टाकून तोच भरून घेणार. आपण फक्त सही करायची."

"खालच्या विहिरी आटतील, दादा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू म्हणतोस! तू काय सरकार आहेस?"

"मग सरकारने म्हटलं तर ऐकशील?"

दादा अडकला. पाणथळ जागांच्या सरकारी कार्यालयाची योजना त्यालाही ठाऊक होती. खाजगी जमिनीतली जागा मालकाने अर्ज करून पाणथळ म्हणून नोंदवायची. एकदा नोंद झाली की तिथे भराव नाही, बांधकाम नाही, कायमचं. दादाने पाय किंचित दाबला, मनातल्या ब्रेकवर, आणि म्हणाला, "ठीक आहे. नोंद झाली तर मी जन्मात त्या जागेचं नाव काढणार नाही. नाही झाली तर त्यापुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सही करायची. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

"वहिनीसमोर बोल."

"तुझ्या बायकोसमोर कशाला? माझ्या बायकोसमोर बोलतो. ती जास्त लक्षात ठेवते."

वॉशरने अर्ज केला. महिन्याभराने पत्र आलं. अमुक तारखेला, सकाळी दहा वाजता, पाहणी. आणि त्या दिवसापासून तो पत्र रोज दोनदा उघडून तारीख वाचायला लागला.

बायको दवाखान्यात नर्स होती. ती चहाचा कप ठेवताना त्याचं मनगट धरायची आणि घड्याळाकडे बघायची. "शंभर. अहो, जमीन बघायला येतायत, तुम्हाला बघायला नाही."

"त्यांना नीट दिसायला हवं गं. एकदाच येणार."

"दिसेल की. एवढं मोठं डबकं, न दिसायला काय झालं?"

पण वॉशरचं समाधान होईना. नुसतं डबकं दाखवून काय होणार? उद्या कोणी म्हणेल, साचलंय कुठून तरी, टँकर ओतला असेल. खरी गोष्ट तळाशी होती. तिथे झरे होते, पाच-सहा, बोटभर. लहानपणी वडिलांनी पिकासाठी पाणी सोडून तळ उघडा केला होता तेव्हा त्याने ते पाहिले होते. ते दाखवले की संपलं. पाणी जमिनीतूनच येतंय, यावर कोण वाद घालणार?

आणि झरा दाखवायचा म्हणजे काय, हे वॉशरला कोणी शिकवायला नको होतं. गळती दाखवायची रीत ठरलेली असते. वरचा नळ बंद करायचा. साचलेलं पाणी काढायचं. फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. मग गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि म्हणायचं, आता बघा. पुसलेल्या फरशीवर एक थेंब उमटतो आणि गिऱ्हाईक गप्प होतं. चाळीस वर्षांत ही रीत एकदाही फसली नव्हती.

पाहणीला बारा दिवस होते. त्याने वडिलांच्या व्हॉल्व्हला तेल सोडलं, मोठा पाना लावला, दोन्ही पाय बांधाला टेकवून जोर केला. व्हॉल्व्ह कुरकुरला, मग फिरला. पाणी गढूळ उसळलं आणि बांधामागच्या ओढ्यात धावलं. त्याला बरं वाटलं. हातात पाना असला की त्याला नेहमीच बरं वाटायचं. मग दोन मजूर लावून त्याने काठचं पाणकणीस मुळाशी कापून घेतलं. मॅडम येणार आहेत असं पत्रात होतं. त्यांनी त्या जंगलातून कसं चालायचं? कापलेलं सगळं बांधून दूर टाकलं. काठ झाडला. हो, झाडला, खराट्याने.

बायको बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय हो? हे तर आपल्या अंगणापेक्षा चकचकीत केलंत."

"मग! पाहुणे येणार."

"बगळे कुठे गेले?"

त्याने वर पाहिलं. बगळे नव्हते. त्याने खराटा उचलला आणि उरलेला काठ झाडायला घेतला.

पाहणीच्या दिवशी दहाचे अकरा झाले, अकराचे साडेबारा. वॉशर इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभा. दादाही आला होता, झाडाच्या सावलीत गाडीतच बसून, काच खाली करून. ऊन असं की तळाच्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. झऱ्यांच्या जागी नुसते ओले डाग होते, पोळीएवढे. पहाटे तिथे वाटीभर पाणी दिसलं होतं. आता उन्हाने तेही ओढून घेतलं होतं. वॉशर दर दहा मिनिटांनी जाऊन त्या डागांवर तळहात ठेवून येत होता, जसा आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा.

जीप आली. मॅडम उतरल्या. तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, खांद्यावर पिशवी, हातात लांब गिरमिट. सुताराच्या गिरमिटासारखंच, पण पुरुषभर उंच, माती काढायचं. चेहऱ्यावर घाई.

"माफ करा काका, आज सात जागा आहेत. कुठे आहे पाणथळ?"

वॉशरने हात पसरला. "ही काय."

मॅडमनी झाडलेला काठ पाहिला. भेगाळलेला तळ पाहिला. कापलेले बुडखे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिलं.

"पाणी कुठाय?"

"काढलं."

"काढलं म्हणजे?"

"सोडलं ना. व्हॉल्व्ह आहे तिकडे. म्हणजे तुम्हाला झरे दिसावेत. या ना, दाखवतो. हे बघा, हात लावा. ओलं आहे की नाही? लावा हात!"

मॅडम उकिडव्या बसल्या. हात लावला. बोटाला लागलेली माती चोळून पाहिली. गाडीतून दादाचं हसू ऐकू आलं, खोकल्यासारखं.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही तीन खुणा बघतो. पाणी, झाडं आणि माती. तीनपैकी दोन मिळाल्या पाहिजेत. पाणी तुम्ही सोडलंत. झाडं तुम्ही कापलीत. आता माझ्याकडे राहिली माती. ती एकटी पुरणार नाही."

वॉशरला काही ऐकू येईनासं झालं. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते. चाळीस वर्षं ज्या रीतीने भाकरी मिळवली त्याच रीतीने त्याने आज स्वतःच्या हाताने सगळं पुसून टाकलं होतं.

"बुडखे आहेत ना? बुडख्यावरून ओळखा."

"पान लागतं, कणीस लागतं. फोटो लावावा लागतो. बुडख्याचा फोटो लावला तर वरचे म्हणतील कशावरून ऊस नाही?"

"मी आत्ता व्हॉल्व्ह बंद करतो. पंधरा दिवसांत भरेल. तुम्ही परत या."

"पंधरा दिवसांनी मी इथून दोनशे किलोमीटरवर असेन. आणि नंतर दौरे बंद होतात, काका. गाड्या रुततात."

तरी त्यांनी काम टाळलं नाही, हे सांगायलाच हवं. माती तपासायला नकाशावर ठरवून दिलेले दोन बिंदू त्यांनी शोधले. पहिला बिंदू नेमका बांधावर पडला. वडिलांनी बाहेरून माती आणून घातलेला बांध. गिरमिट फिरलं, माती वर आली. तपकिरी, भुसभुशीत, कोरडी.

"ही बाहेरची माती आहे," वॉशर म्हणाला. "चार पावलं आत घ्या ना."

"बिंदू कार्यालयातून ठरून येतात. मी एक पाऊलही हलवू शकत नाही."

दुसरा बिंदू खळग्यात होता. गिरमिट हातभर आत गेलं आणि मॅडमनी मातीचा रूळ बाहेर काढून तळहातावर मोडला. आतून राखाडी, शिशासारखी, आणि त्यात मुळांच्या बारीक वाटांनी नारिंगी रेघा. वॉशर गुडघे विसरून खाली वाकला.

"हा तर गंज!"

"गंजच." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची घाई गेली. "माती वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिली की अशी राखाडी होते. मुळं खाली थोडी हवा नेतात, तेवढ्याच जागी मातीतलं लोखंड गंजतं. हे एका वर्षात होत नाही, काका. ही खूण कोणाला पुसता येत नाही."

"मग लिहा ना!"

"लिहिते. एक बिंदू हो, एक बिंदू नाही." त्यांनी फॉर्मवर खुणा केल्या, सही केली, आणि कागद त्याच्यापुढे धरला. पाणी, नाही. झाडं, ओळखता आली नाहीत. माती, अनिश्चित. "मला दिसतंय सगळं. पण मला दिसलेलं लिहायला यात जागा नाही. पुनर्पाहणीचा अर्ज करा. सगळ्या मालकांच्या सह्या लागतील."

जीप गेली. दादा गाडीतून उतरला. चिडवायला आला होता, पण धाकट्याचं तोंड बघून त्याने नुसती मान हलवली. "गाडी कोणी ठोकली असती तर समजलं असतं. तू तर उभी गाडी स्वतः भिंतीवर घातलीस."

वॉशरने त्याच संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद केला. आता उपयोग काय, हे त्याला माहीत होतं. पण उघडा व्हॉल्व्ह बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, पंप हवा ओढतोय."

"फूटव्हॉल्व्ह बघ. पाइपाच्या खालच्या तोंडाशी कचरा अडकला असेल."

"बघितला. शेजारच्या काकूंचाही तसाच करतोय. आणि आठव्या घराचा. बाबा, या वर्षी काय झालंय?"

वॉशर खाली बसला. काय झालंय ते त्याला एका क्षणात कळलं होतं, आणि ते कळल्यावर आधी त्याला भीती वाटली, मग लाज, आणि मग तिसरंच काहीतरी, ज्याला त्याने नाव दिलं नाही. वरची टाकी त्याने रिकामी केली होती. खालचे नळ बंद पडत होते. चाळीस वर्षं तो जे बडबडत होता ते खरं होतं, आणि ते सिद्ध करायला त्याला स्वतःच्या लेकीची विहीर आटवावी लागली होती.

सुतळीच्या टोकाला पाच वॉशर बांधून तो गल्लीत गेला. सुतळी विहिरीत सोडायची, टप् वाजलं की गाठ मारायची, वर ओढून मोजायची. बारा घरं, बारा विहिरी. बायका विचारायच्या, "काय मासे धरताय का हो?" तो मान खाली घालून आकडा लिहायचा. आपणच केलंय हे सांगायला तोंड उघडेना. चौथ्या घराच्या म्हातारीला मात्र त्याने सांगितलं, कारण तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो हातात घेणं त्याला जमेना.

"तूच सोडलंस?" म्हातारी म्हणाली.

"हो, मावशी."

"मग तूच भर."

रोज मोजत राहिला. पहिले सहा दिवस सुतळी लांबत गेली. बायको रोज विचारायची आणि तो सुतळीवरची नवी गाठ दाखवायचा. लेकीने शेजारणीकडे कळश्या मागायला सुरुवात केली, मग शेजारणीनेच दुसरीकडे. सातव्या दिवशी सुतळी होती तेवढीच राहिली. नवव्या दिवशी लेकीच्या विहिरीत ती चार बोटं कमी भरली. वर खळग्यात तोवर घोटाभर पाणी झालं होतं आणि बुडख्यांना हिरवे कोंब फुटले होते.

दहाव्या दिवशी तो दादाला घेऊन गल्लीत आला. दादा बाराही विहिरींवर फिरला. प्रत्येक ठिकाणी सुतळी स्वतः सोडली, कारण धाकट्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. शेवटी पुतणीच्या पायरीवर बसला. पुतणीने पाणी दिलं. त्याने पेला बघितला, प्यायला नाही.

"काका, प्या ना. एवढंही आटलेलं नाही."

"पुनर्पाहणीच्या अर्जावर सही करतो," दादा म्हणाला. "पण गोदामवाल्याला मी शब्द दिलाय. एक महिना वाढवून घेतो, पुढची पहिली. त्यापुढे एक दिवस नाही. तोवर कागद आण. मला कागद लागतो, बाबा. विहिरी मला दिसल्या, पण त्या काही कोर्टात येऊन उभ्या राहणार नाहीत."

अर्ज लिहायला वॉशरला तीन दिवस लागले. त्याने सगळं लिहिलं. व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद केला, कोणत्या विहिरीत कुठल्या दिवशी किती हात सुतळी गेली. बायकोने वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सदर जागेतले पाणी मी स्वतः सोडले.' ही ओळ काढा."

"ती काढली तर बाकीच्याला अर्थ काय राहिला? पाणी सोडलं म्हणूनच विहिरी आटल्या."

"अहो, सरकारी कागदावर स्वतःविरुद्ध कोणी लिहितं का? दवाखान्यात सुई चुकली तर आम्हीसुद्धा असं लिहीत नाही."

"म्हणूनच लोक दवाखान्याला घाबरतात."

ओळ राहिली. अर्ज गेला. मग वाट बघणं. ते कसलं बघणं! पोस्टमनच्या सायकलीचा आवाज आला की हातातला घास हातात राहायचा. दुसऱ्यांच्या नळाला सॉकेट लावताना तो आटे चुकवायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने जोडलेला नळ गळला. मनगट धरून बायको आता आकडा सांगेनाशी झाली. महिन्याची वीस गेली, पंचवीस गेली. गोदामवाल्याचा माणूस एकदा येऊन खळग्याच्या कडेने पावलं टाकत काहीतरी मोजून गेला. दादा म्हणाला, "मी बोलावलं नव्हतं." वॉशरने विश्वास ठेवला, कारण न ठेवून झोप येणार नव्हती, आणि ठेवूनही आली नाही.

अठ्ठावीस तारखेला दोन पाकिटं आली. दोन्ही एकाच कार्यालयाची, एकाच दिवसाची, एकाच शिक्क्याची.

बायकोने पहिलं फोडलं. "'आपला पुनर्पाहणीचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. सदर जागा पाणथळ या व्याख्येत बसत नाही.'" ती थांबली. वॉशरने डोळे मिटले. संपलं.

तिने दुसरं फोडलं, आणि तिचा आवाज बदलला. "'आपल्या अर्जातील कबुलीवरून असे दिसते की आपण सदर पाणथळ जागेतील पाणी विनापरवानगी सोडून व वनस्पती तोडून पाणथळ जागेची हानी केली आहे. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद...'" तिने कागद टेबलावर ठेवला. "सांगितलं होतं मी. ती ओळ काढा, सांगितलं होतं!"

वॉशरने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. वाचली. परत वाचली. मग दादाला फोन केला.

दादाने उभ्या उभ्या वाचलं. आधी तो हसला, मोठ्याने, मांडीवर थाप मारून. मग हसता हसता त्याने दुसरं पत्र परत उचललं.

"म्हणजे पाणथळ नाही," तो म्हणाला, "आणि पाणथळ बिघडवली म्हणून तुला आत टाकणार."

"दोन वेगळ्या टेबलांवरून आली असणार."

"मग खुलासा काय देणार आहेस? चूक झाली, माफ करा म्हणून लिही आणि सुटून जा."

"नाही," वॉशर म्हणाला. त्याने दुसऱ्या पत्रावर बोट ठेवलं. "गुन्हा कबूल करणार."

"अहो!" बायको किंचाळली.

"गुन्हा माझा आहेच ना? मी केलाय. पण तो गुन्हा व्हायला ती जागा पाणथळ असायला लागते."

दादाचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला होता. मग त्याने तो उचलला. "उद्या मी गाडी काढतो," एवढंच तो म्हणाला.

कार्यालयात दोघा भावांनी आणि वॉशरच्या बायकोने लाकडी बाकावर अडीच तास काढले. दादाचा फोन चार वेळा वाजला. गोदामवाला. चारही वेळा त्याने आवाज बंद केला, पण फोन खिशात परत ठेवला नाही. अखेर शिपायाने आत सोडलं. टेबलामागच्या साहेबांनी दोन्ही पत्रं घेतली, वाचली, चष्मा काढला, परत लावला. घंटी वाजवली. एक कारकून आला, त्याने वाचलं, त्याने दुसऱ्याला बोलावलं. तिघं खालच्या आवाजात बोलले, तोवर वॉशरने दोन्ही पत्रं टेबलावरून परत उचलली. मग साहेबांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली.

"बसा ना काका. उभे का? अहो, हे दुसरं पत्र चुकून गेलंय. आमच्याच माणसाची गफलत. ते तुम्ही परत द्या, आम्ही रद्द करून टाकतो. कारवाई नाही, खुलासा नाही, काही नाही. तुम्ही मोकळे." त्यांनी हात पुढे केला.

बायकोने वॉशरची बाही धरली. तिची बोटं म्हणत होती, देऊन टाका. वॉशरने पत्राची घडी घातली, पण दिलं नाही.

"रद्द नको," तो म्हणाला.

"म्हणजे? तुम्हाला शिक्षा हवीये?"

"मी व्हॉल्व्ह उघडला. मी पाणकणीस कापलं. बारा घरांच्या विहिरी माझ्यामुळे खाली गेल्या, त्यात एक माझ्या लेकीची. आकडे अर्जात आहेत. हे सगळं मी तुमच्यासमोर परत कबूल करतो. हे माझे थोरले भाऊ, हे साक्षीदार."

दादा पुढे सरकला आणि धाकट्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. त्याच्या मुठीत फोन पाचव्यांदा थरथरायला लागला होता.

"काका, उगाच वाढवू नका. परवा तुमच्यावरच उलटेल."

"उलटू दे. परवा एक तारीख आहे, साहेब. परवा तिथे भराव पडणार. म्हणून मला आज सांगा. ज्या जागेचं पाणी मी सोडलं, ती पाणथळ आहे की नाही? असेल तर पहिलं पत्र खोडा आणि मला आत टाका. नसेल तर बाराही घरांना लिहून द्या की तुमच्या विहिरी कशाने आटल्या, आणि खाली तुमचं नाव घाला. तोंडी नको. हो की नाही, या कागदावर, तुमच्या सहीने. मी उत्तर घेतल्याशिवाय इथून हलणार नाही. बोला, आहे की नाही?"